कुलाब्याला ७३.४

शास्त्रज्ञांना स्लाइड्सशिवाय रंगमंचावर उभं करायचं, हे माझं काम. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘द स्टोरी कोलायडर’ नावाने असले कार्यक्रम सुरू केले. विज्ञानाशी जोडलेली, स्वतःच्या आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट माईकसमोर उभं राहून सांगायची. आम्ही मुंबईत मराठीतून करतो त्याचा साचा तोच, फक्त आमच्याकडे मध्यंतरात वडापाव असतो.

या कामात सगळ्यात जड जातं ते माणसाला ‘मी’ म्हणायला लावणं. जन्मभर ‘असे आढळून आले’ लिहिलेली ही मंडळी. त्या दिवशी दुपारच्या तालमीला आलेल्या बाई हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या. विषय २६ जुलै २००५. पहिली सात मिनिटं त्या समुद्रावरून येणारं बाष्प आणि ढगांची उंची यावर बोलल्या. सगळं बरोबर होतं आणि मागच्या रांगेतला आमचा ध्वनिवाला पोरगा जांभया देत होता.

मी विचारलं, “मॅडम, त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“कुलाब्याला. ड्युटीवर.”

“आणि घरचे?”

त्यांनी चष्मा काढला. मुलगा सांताक्रूझजवळ कलिन्याला, शाळेत. दुपारी त्याने कुठूनतरी फोन लावला. आई, पाणी वाढतंय, बस येत नाहीये. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कुलाब्यात पाऊस होता, पण जुलैत असतो तसा. त्या म्हणाल्या, “एवढ्याशा पावसाला काय होतंय? नाटकं करू नकोस, चालत नीघ.” मग फोन बंद पडले.

हे त्यांनी मला सांगितलं ते जवळजवळ रागावून, मीच काहीतरी ओढून काढल्यासारखं. मी म्हटलं, हीच गोष्ट. बाष्प राहू दे.

कुलाबा ते सांताक्रूझ वीस-पंचवीस किलोमीटर. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३.४. एकाच शहरात! तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं, ते नंतर आलं. म्हणजे ढगाची मुंबईवरची हालचाल मिनिटामिनिटाला पडद्यावर दिसायची सोय नव्हती. बाईंकडे त्या घडीला होतं ते अंगणातलं पर्जन्यमापक आणि खिडकी, आणि दोन्ही सांगत होती की विशेष काही नाही.

मला मात्र गोष्टीत पाऊस हवा होता. मी सुचवलं, “सुरुवातीला कुलाब्यातही धो धो कोसळत होतं, असं म्हणू या का? श्रोते लगेच त्या दिवसात जातील.”

“अगं, त्र्याहत्तर पूर्णांक चार,” त्या म्हणाल्या. “साडेचौसष्टच्या वर गेला की आमच्या हिशेबात मुसळधार. म्हणजे मुसळधार होता, पण जेमतेम. धो धो मी म्हणणार नाही.”

आमच्या निवेदकाच्या कागदावर ‘२६ जुलै रोजी ९४४ मिमी’ असं होतं, तेही त्यांनी खोडलं. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणून नोंदवहीत तो पाऊस २७ जुलैचा. निवेदक वैतागला. मला मजा वाटत होती, कारण एरवी खरेपणासाठी हट्ट धरायची पाळी माझी असते. आठवणी फार बनेल असतात. १९८६ साली चॅलेंजर यान कोसळलं तेव्हा अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्या दिवशी लिहून घेतलं होतं, बातमी कळली तेव्हा कुठे होतात, काय करत होतात. अडीचेक वर्षांनी तेच विचारल्यावर अनेकांच्या आठवणी साफ बदललेल्या निघाल्या, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी काहींना तो पटेना. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्यांचंही तेच होतं. बाईंकडे मात्र आकडा होता.

संध्याकाळी सभागृह भरलेलं. मुंबईत २६ जुलैची गोष्ट ऐकायला बसलेल्या प्रत्येकाकडे स्वतःची २६ जुलैची गोष्ट असते, त्यामुळे मला धास्तीच होती. बाई आल्या, माईक जरा खाली केला आणि सांगितलं, “दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचं पर्जन्यमापक धरा. सांताक्रूझच्या पावसाचं त्यात जवळपास एकोणीस लिटर पाणी जमेल. कुलाब्याच्या पावसाचं दीड लिटरही नाही. मी त्या दीड लिटरवर विश्वास ठेवला आणि मुलाला चालत नीघ म्हटलं.”

पुढे त्यांनी फारसं काही रंगवलं नाही. लोकल बंद झाल्यावर ऑफिसातच काढलेली रात्र. साडेपाचचं निरीक्षण घेतलं, साडेआठचं घेतलं, कारण ते घ्यायचंच असतं. सकाळी सांताक्रूझचा आकडा कानावर आला तेव्हा त्यांनी विचारलं, “चौऱ्याण्णव ना?” नाही, नऊशे चव्वेचाळीस. “मी पावसाचा विचारच केला नाही,” त्या म्हणाल्या. “आधी मुलाची उंची आठवली. चार फूट अकरा इंच.”

सभागृहात कुणीतरी मोठ्याने “अरे देवा” म्हणालं.

मुलगा सुखरूप होता. एका अनोळखी कुटुंबाने त्याला पहिल्या मजल्यावर ठेवून घेतलं होतं, दुपारी तो कमरेएवढ्या चिखलाच्या खुणा घेऊन घरी आला. आता तो पुण्यात नोकरी करतो, आणि पाऊस पडला की आईला मुद्दाम फोन करून विचारतो, “आज चालत निघू का?” याला हशा आला. तालमीत हे वाक्य नव्हतंच.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी त्यांना घेरलं. कुणी कुर्ल्याचं, कुणी साकीनाक्याचं. सगळ्यांचा प्रश्न एकच, आमच्याकडे किती पडला असेल हो? बाई प्रत्येकाला विचारत, जवळ मापक होतं का? नाही म्हटलं की, “मग नाही सांगता येणार.” एक काका तर हजारच्या वर गेला असणार म्हणून हुज्जत घालायला लागले. बाई ऐकेनात, काकाही.

पुढचा प्रयोग ठाण्यात आहे. बाईंना बाष्पासाठी दोन मिनिटं वाढवून हवी आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.