गॅरँडसाठी पार्करायझिंगची टाकी: मार्च ते मे

टाकी आली. स्टेनलेसची, ४० इंच लांब, ६ इंच रुंद, ६ इंच खोल, दोन्ही टोकांना कड्या. आतल्या वेल्डिंगवरून बोट फिरवून पाहिलं, कुठे फट लागली नाही. गॅरेजात लाकडी घोड्यांवर ती ठेवली, शेजारी फडक्यावर एम-१ गॅरँड या जुन्या अमेरिकन लष्करी रायफलीचे सुटे भाग मांडले आणि बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. दोन वर्षं मनात असलेलं काम अखेर समोर होतं: पार्करायझिंग, म्हणजे गरम आम्लाच्या द्रावणात बुडवून लोखंडावर गंज रोखणारा फॉस्फेटचा थर चढवणं.

मी ओहायोत, टोलेडोजवळ राहतो. लेक इरीच्या काठावरचं कँप पेरी इथून तासाभराच्या आत आहे. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात आणि ही रायफल घडवणाऱ्या जॉन गॅरँडच्या नावाचा सामनाही होतो. त्या सामन्यात लोकांच्या हातातल्या राखाडी-हिरवट रायफली पाहूनच मला या रायफलीचं वेड लागलं. माझी रायफल क्लबातल्या एका वयस्कर सभासदाच्या कुटुंबाकडून रीतसर घेतली. रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य भाग, स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्याचा आहे, पण कधीतरी कुणीतरी तिला शिकारीची रायफल करायची म्हणून सगळं लोखंड पॉलिश करून चकचकीत ब्ल्यूइंग (निळसर-काळा थर) केलेलं. ते ब्ल्यूइंगही आता जागोजागी उडालं आहे, बट प्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या, खाली गंज आहे.

हे आधीच सांगतो, कारण यावर माझं मत पक्कं आहे: ज्या रायफलीवर कारखान्यातलं मूळ फिनिश शिल्लक आहे, ते कितीही झिजलेलं असो, तिला हात लावू नका. १९४० च्या दशकातला तो थर एकदा ब्लास्टिंगमध्ये (हवेच्या दाबाने बारीक कण मारून पृष्ठभाग साफ करण्यात) गेला की परत येत नाही. माझ्या रायफलीचं मूळ फिनिश माझ्या आधीच गेलं होतं, म्हणूनच हा घाट घातला.

कायद्याचंही एकदाच बोलतो. अमेरिकेत स्वतःच्या रायफलीचं फिनिश घरी करता येतं, पण पैसे घेऊन दुसऱ्यांचं काम करण्याचा धंदा मांडला की फेडरल परवाना लागतो. अनुक्रमांक खोडणं किंवा पुसट करणं हा गुन्हा आहे. गॅरँडचा क्रमांक रिसीव्हरच्या मागच्या टोकावर असतो, ब्लास्टिंगच्या वेळी तो झाकायचा. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या मंडळींनी ही टाकी पाने, व्हाइस, सुताराची हत्यारं यांच्यासाठी उभारावी. रसायन तेच, आनंदही तोच.

मला हे काम परकं नव्हतं. अमेरिकेत येण्याआधी दोन वर्षं भोसरीतल्या एका शॉपमध्ये होतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात ज्यांनी काम केलं आहे त्यांना ‘सेव्हन टँक’ सांगायला नको: डीग्रीसिंग, पाणी, डीरस्टिंग, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन. तिथलं फॉस्फेटिंग झिंकचं, पातळ थराचं, वर पावडर कोटिंग बसावं म्हणून. पार्करायझिंग हा त्याच घराण्यातला जाड थर. वर रंग नाही, हा थरच शेवटचा, फक्त तेल पितो. अमेरिकन लष्कराच्या एमआयएल-डीटीएल-१६२३२ या मानकात त्याचे दोन प्रकार आहेत, एम म्हणजे मँगनीज आणि झेड म्हणजे झिंक. झिंकचा रंग राखाडीकडे जातो, मँगनीजचा काळपट. मी मँगनीज निवडलं.

घरी करण्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर मी त्यांना क्लार्क पार्करची गोष्ट सांगतो. गंज रोखण्याच्या या पद्धतीचं पेटंट मुळात इंग्लंडमधल्या थॉमस कॉस्लेटचं, १९०६ चं. पार्करने त्याचे आणि रिचर्ड्स नावाच्या दुसऱ्या संशोधकाचे अमेरिकन हक्क मिळवले आणि घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग केले. १९१५ मध्ये मुलासोबत कंपनी काढली आणि त्याच्या आडनावावरून प्रक्रियेला नाव पडलं. स्वयंपाकघर मात्र मी सुचवणार नाही. अन्नाच्या भांड्यांपासून हे सगळं कायमचं वेगळं राहिलं पाहिजे.

मार्च, शेवटचा आठवडा. स्टँड आणि आग.

टाकीत ५ गॅलन द्रावण घातलं की पातळी सुमारे पावणेपाच इंचांवर येते. म्हणजे जवळजवळ १९ किलो नुसतं द्रव, वर टाकीचं वजन, आणि ते उकळीच्या जवळ. हलणारा स्टँड इथे चालणार नाही. कोनपट्टीचा स्टँड वेल्ड केला, पाय बाहेर पसरवले, दोन प्रोपेन बर्नर खाली बसवले. सगळं ड्राइव्हवेवर, गॅरेजच्या दाराबाहेर. आतमध्ये बर्नर लावायचा नाही: कार्बन मोनॉक्साइड एक, आम्लाची वाफ दुसरी आणि ती वाफ गॅरेजातल्या प्रत्येक हत्यारावर गंज चढवते ही तिसरी गोष्ट.

पहिली चाचणी साध्या पाण्यावर केली. रसायन घालण्याआधी ही चाचणी प्रत्येकाने करावी असं मी कळकळीने सांगतो. मँगनीजच्या बाथला, म्हणजे टाकीतल्या द्रावणाला, साधारण ८८ ते ९३ अंश सेल्सियस तापमान लागतं आणि ते सगळीकडे सारखं लागतं. थर्मामीटर तीन ठिकाणी लावले. दोन्ही बर्नरच्या वर ९२ अंश, मधोमध ८४. आठ अंशांचा फरक! याच टाकीत लांब नळी घातली असती तर टोकं काळी आणि मध्य फिकट निघाला असता. टाकी बर्नरपासून आणखी ३ इंच वर उचलली, मध्ये जाड लोखंडी पत्रा टाकला, म्हणजे ज्योत थेट बुडाला न लागता पत्रा तापेल. वारा अडवायला तीन बाजूंनी आडोसा केला. दुसऱ्या खेपेला फरक दोन अंशांवर आला. गरम व्हायला तासभर लागला, पण तो तास मला मान्य आहे.

एप्रिल. ब्लास्टिंग.

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा. पार्करायझिंगचा पोत बाथ ठरवत नाही, बाथच्या आधीचा पृष्ठभाग ठरवतो. पॉलिश केलेल्या लोखंडावर थर पातळ आणि चकाकता येतो, लष्करी रायफलीची ती मऊ, प्रकाश गिळणारी छटा येत नाही. काचेचे मणी वापरून पाहिले, त्यांनी पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत केल्यासारखा झाला. मग ॲल्युमिनियम ऑक्साइड घेतलं. एका भंगार पट्टीचे तीन भाग करून ८०, १०० आणि १२० ग्रिटचे (आकडा मोठा तितका दाणा बारीक) नमुने केले. ८० माझ्या डोळ्याला खरबरीत वाटलं. १२० वर थांबलो.

माझा कॉम्प्रेसर लहान आहे. दोन मिनिटं मारा केला की दाब पडतो, मग थांबायचं. बट प्लेटला अर्धा तास लागला. घाई केली की एकाच जागी जास्त मारा बसतो आणि कडा गोल होतात. गॅरँडवरच्या छोट्या खुणा, कारखान्याचे शिक्के, भागांचे क्रमांक हे तिचं चरित्र आहे. ते बोथट करून सुंदर रंग मिळवण्यात काही अर्थ नाही.

ब्लास्टिंगनंतर भागाला उघडा हात लागता कामा नये. पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे, स्वच्छ फडकं, तारेवर टांगणं आणि शक्य तितक्या लवकर टाकीत. ओहायोच्या दमट एप्रिलमध्ये ब्लास्ट केलेलं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस झाक दिसते.

काय टाकीत जात नाही तेही लिहून भिंतीवर लावलं आहे. गॅस सिलिंडर स्टेनलेसचा असतो, त्यावर हा थर चढतच नाही. ॲल्युमिनियम तर आम्लात खाल्लं जातं आणि बाथही बिघडवतं. कडक स्प्रिंगा मी बाहेरच ठेवतो, कारण प्रक्रियेत निघणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. नळीचं आतलं अंग आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रबरी बुचांनी बंद करायचं.

एप्रिल, तिसरा शनिवार. पहिला बाथ.

डिस्टिल्ड पाणी. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात तयार मँगनीज द्रावण, नेहमी पाण्यात आम्ल, उलट कधीच नाही. चेहऱ्यावर शील्ड, लांब हातमोजे, रबरी एप्रन, शेजारी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली. नवा बाथ लगेच नीट चालत नाही, त्याला थोडं लोखंड लागतं. म्हणून तेल काढलेलं स्टील वूल त्यात टाकून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवलं. भोसरीत आमचे फोरमन काका नव्या बाथला ‘आधी खाऊ घाल’ म्हणायचे, ते इतक्या वर्षांनी आठवलं.

मग बट प्लेट आणि लोअर बँड (नळीवरची धातूची कडी) सोडले. लगेच बुडबुड्यांचा फेस उठला. हे बुडबुडे म्हणजेच घड्याळ. आम्ल लोखंड खातं, हायड्रोजन सुटतो, पृष्ठभागाला लागून असलेल्या द्रवातलं आम्ल तेवढ्यापुरतं कमी होतं आणि तिथेच फॉस्फेटचे स्फटिक बसतात. सगळा पृष्ठभाग झाकला गेला की लोखंड उघडं उरत नाही, बुडबुडे आपोआप मंदावतात. माझ्या दोन्ही भागांना ११ मिनिटं लागली.

बाहेर काढल्यावर लोअर बँड छान होता. बट प्लेट नव्हती. एका बाजूला पिवळट-पांढरी भुकटी चिकटलेली आणि वरच्या कडेला अंगठ्याएवढा फिका डाग. डागाचं कारण कळायला वेळ लागला नाही, तार बांधताना हातमोजा तेलाच्या बाटलीला लागला होता. भुकटीवर मात्र विचार करावा लागला. फॉस्फेटच्या प्रत्येक बाथमध्ये तळाशी गाळ साठतो. स्टील वूलने तो आणखी वाढवला होता आणि बुडाखालून आग म्हणजे गाळ सतत वर उसळणार. मोठ्या प्लांटमध्ये यासाठीच गरम करण्याची सोय बुडाऐवजी बाजूने ठेवतात.

मे. सुधारणा.

तीन गोष्टी बदलल्या. टाकीच्या तळापासून दीड इंचावर स्टेनलेस जाळीचा खोटा तळ बसवला. बाथ रात्रभर निवळू दिला आणि वरचं स्वच्छ द्रावण वेगळं काढून गाळ बाजूला केला. आणि भाग सोडण्याआधी १० मिनिटं आग मंद करून उसळी बसू द्यायची असं ठरवलं.

पॉइंटेजही, म्हणजे बाथमधल्या आम्लाची मोजणी, सुरू केलं आहे. बाथचं १० मिलिलिटर घ्यायचं आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करायचं. ब्रोमोफिनॉल ब्ल्यूने फ्री ॲसिड, फिनॉल्फथॅलिनने टोटल ॲसिड, जितके मिलिलिटर लागतील तितके पॉइंट. घरच्या पाच गॅलनच्या बाथला हे जास्त वाटेल, पण प्रत्येक खेपेची नोंद वहीत असली की पुढे रंग फिका पडू लागला तर अंदाजाने रसायन ओतत बसावं लागणार नाही.

वापरलेलं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न मी सुरुवातीलाच सोडवला, आणि या भागातल्या प्रत्येकाने सोडवावा. ऑगस्ट २०१४ मध्ये लेक इरीतल्या शेवाळाच्या विषामुळे टोलेडोचं नळाचं पाणी पिऊ नका असा आदेश आला होता. त्याचा फटका चार लाखांहून जास्त लोकांना बसला. त्या दिवसांत आम्ही मिशिगनपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणल्या. ते शेवाळ वाढतं फॉस्फरसवर. माझ्या टाकीतही फॉस्फेटच आहे. एक थेंब गटारात किंवा हिरवळीवर जाणार नाही: गाळ, धुण्याचं पहिलं पाणी, सगळं झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये, वर नाव-तारीख, आणि काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी तिकडे.

दुसऱ्या खेपेत बट प्लेट पुन्हा ब्लास्ट करून घातली, सोबत ट्रिगर हाउसिंग. तापमान ९० अंशांवर धरलं. १२ मिनिटांनी बुडबुडे जवळजवळ थांबले. गरम पाण्यात धुतलं, सोड्याच्या पाण्यात बुडवलं, परत गरम पाणी, आणि भाग गरम असतानाच तेलात. थर स्पंजासारखा असतो, तेल त्याच्या आत शिरतं, गंज अडवण्याचं अर्धं काम तेच करतं. २४ तास तसंच ठेवलं.

रविवारी सकाळी फडक्याने पुसलं आणि उजेडात नेलं. एकसारखा गडद राखाडी, कुठेही चमक नाही, हाउसिंगवरचा कारखान्याचा क्रमांक आधीइतकाच स्पष्ट. मी जी हिरवट झाक कँप पेरीत पाहिली होती ती यात नाही. जुन्या रायफलींवर ती बरीचशी कॉस्मोलिन (साठवणीत गंज रोखणारं ग्रीस) वर्षानुवर्षं थरात मुरल्याने आली आहे, ती टाकीतून काढण्याच्या क्लृप्त्या मी करणार नाही. माझ्या मुलीने हाउसिंग हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, “बाबा, हे जुनं आहे की नवीन?” तिला ते जुनं आहे म्हणून सांगितलं, आणि शिक्का दाखवला.

पुढचं काम रिसीव्हर आणि नळीचं. नळी २४ इंची आहे, टाकीत आरामात मावते, पण बुचांचा प्रश्न आहे: नळीत अडकलेली हवा तापली की बूच उडवू शकते. म्हणून बुचं लांब स्टेनलेस सळीने आरपार आवळण्याची जोडणी लेथवर करून घेतो आहे. आधी भंगारातली एक नळी अशीच बंद करून साध्या गरम पाण्यात तासभर ठेवेन, आत ओल सापडली नाही तरच खरी नळी टाकीत जाईल.