आई म्हणते, आज ओढत नाही

जानेवारी. रात्रपाळी करून आल्यावर.

सकाळचे साडेनऊ वाजलेत, डोळे चुरचुरतायत आणि झोप काही येत नाहीये. निफाडकडचा गारठा दोन दिवसांपासून नाशकात उतरलाय. वॉर्डातल्या खिडकीच्या फटीत मी जुना टॉवेल कोंबला, हीटर लावला, तरी पहाटेपर्यंत खोली हवी तशी तापली नाही. अशा रात्री मला कमी वजनाच्या बाळांची फार धास्ती असते.

पेठकडची एक आई सध्या आमच्याकडे आहे. वीसेक वर्षांची, पहिलटकरीण. बाळ आठव्या महिन्यात झालं, 1,380 ग्रॅमचं. पहिले तीन-चार दिवस ती बाळाला हातच लावेना. "माझ्या हातून मोडंल," म्हणायची. तिचं तरी काय चुकलं? बोटाएवढ्या पायाला पट्टी, नाकात नळी, वरती टिकटिकणारं मशीन. एवढं सगळं बघून कोणाचाही हात मागेच येईल.

मग एका दुपारी तिला खुर्चीत मागे रेलून बसवलं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. त्याला तिच्या उघड्या छातीवर उभं धरलं, पाय बेडकासारखे दुमडले, श्वास मोकळा राहावा म्हणून मान एका कुशीला वळवली. वरून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने दोघांना एकत्र बांधलं. नवं कापड ताठ असतं, सरकतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं अंगाला धरून बसतं. हीच कांगारू केअर. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हा उपाय सुरू केला. पुष्कळ वर्षं लोक त्याला गरिबाघरची तडजोडच समजत. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कमी दिवसांच्या बाळाला जन्मल्यापासूनच छातीशी घ्या, बाळ स्थिर होण्याची वाट बघत बसू नका. त्यामागच्या मोठ्या अभ्यासात आपल्या देशातलंही एक रुग्णालय होतं. घरच्यांना मी एवढंच सांगते की काचपेटी मिळाली म्हणून आईची छाती नको, असं होत नाही. बापाची छातीही चालते. ते ऐकून बाप लोक लाजतात, पण बसतात.

तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही उबदार असले तर बरं. पोट ऊबदार आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार लागले तर धावत यायचं. पेठच्या पाड्यावर तिला थर्मामीटर कोण देणार? हात मात्र तिचा तिच्याजवळच असणार आहे.

काल रात्री दोनला मी ड्रिपचे थेंब मोजत होते, तर ती दारात. "सिस्टर, पाय गार लागतात. पोट गरम हाय." थर्मामीटर लावून बघितलं, 36.2 सेल्सियस. निदान 36.5 तरी हवं. टोपी काढली तर मागून ओली. बोंडल्याने पाजताना दूध ओघळून मानेखाली गेलं होतं. कोरडी टोपी घातली, पुन्हा छातीशी बांधलं, वरून गोधडी. तासाभराने 36.8. मॉनिटरचे आकडे तोवर नीट होते. बाळ गारठतंय ते तिच्या हाताला आधी कळलं.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले, कारण मला ती दुसरी आई आठवली.

नोकरीची पहिली वर्षं होती, दुसऱ्या दवाखान्यात. बारा दिवसांचं बाळ. आई दोनदा येऊन म्हणाली, "आज ओढत नाही नीट." मी ताप बघितला, नव्हता. श्वास मोजले, साठच्या आत. म्हटलं, झोपेत असेल, तासाभराने परत लावा. पहाटे बाळ निपचित पडलं. रक्तात जंतुसंसर्ग होता. एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नसतं. दूध ओढायचं कमी होणं हीच कधीकधी पहिली खूण असते, आणि हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. बाळ वाचलं, पण दोन आठवडे सलाईनवर काढले त्याने. ती आई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी नोंदवहीत आईचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "आई म्हणते, आज ओढत नाही." "आई म्हणते, रडणं वेगळं आहे." खाली वेळ, आणि डॉक्टरांना कळवलं ती वेळ.

शेवटच्या कॉटवर चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्याला नुकताच टाइप 1 डायबेटिस निघालाय. भिंतीवर ससे आणि हत्ती, याचे पाय कॉटबाहेर. त्याच्या बाबतीत उलटं होतं. काहीही विचारलं की आई उत्तर देते, तो छताकडे बघतो. काल संध्याकाळी आईला म्हटलं, काकू, चहा घेऊन या. त्या गेल्यावर तो पाच मिनिटं गप्प होता. मग विचारलं, "सहलीला जाता येईल?" येईल. इन्सुलिन बरोबर घे, रक्तातली साखर उतरली तर खायला खिशात साखर ठेव, एका मित्राला सांगून ठेव. शेतावर लाईट जाते म्हणाला. मग इन्सुलिन गार ठेवायला दोन मडक्यांचं सांगितलं, मध्ये ओली वाळू, आतल्या मडक्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन. रात्रीचं इंजेक्शन त्याने स्वतः घेतलं. आधीच्याच जागी सुई धरली होती, मी नुसतं बोटाने दाखवलं, त्याने ती दोन बोटं बाजूला सरकवली. या वयाच्या मुलांना आपण वॉर्डात फार लहान करून ठेवतो, असं मला मनापासून वाटतं.

सहाला वजनं केली. पेठच्या बाळाचं 1,440. कालपेक्षा वीस ग्रॅमने जास्त. आईने विचारलं, "वीस म्हंजे केवढं?"

टेबलावर कोणीतरी आणून ठेवलेली द्राक्षं होती. चार-पाच मणी तोडून तिच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ मिटली, जरा वरखाली करून बघितली, आणि सासूबाईंना दाखवायला बाहेर गेली.