सिकलसेलचा डेटा जोडताना: सहावा की सातवा?

सिकलसेलवरचा कुठलाही जुना पेपर उघडा, त्यात लिहिलेलं असतं की हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रोटीनच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडऐवजी व्हॅलीन येतं. आणि तेच प्रोटीन युनिप्रॉट या प्रोटीनच्या सार्वजनिक डेटाबेसवर शोधलं, पी६८८७१ ही त्याची एंट्री, तर तोच बदल सातव्या जागेवर दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. व्हर्नन इंग्रॅमने १९५६-५७ च्या सुमारास केंब्रिजला हा बदल शोधला तेव्हा रक्तातून काढलेलं प्रोटीन तोडून वाचायची पद्धत होती, आणि पेशीत प्रोटीन बनताना सुरुवातीला जे मेथिओनीन लागतं ते तोपर्यंत कापलं गेलेलं असतं, म्हणून मोजणी त्याच्या पुढच्यापासून सुरू झाली. आता आपण जीनवरून सिक्वेन्स वाचतो, मेथिओनीनला पहिलं धरतो, त्यामुळे सगळं एकाने पुढे सरकतं. रक्ताचे डॉक्टर अजून सहावाच म्हणतात, जेनेटिक्सच्या रिपोर्टवर सातवा येतो, आणि दोघांचं वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललंय.

अडचण येते ती दोन टेबलं 'पोझिशन' नावाच्या कॉलमवर जोडायला घेतली की. युनिप्रॉटच्या मोजणीत सहाव्या जागेवर प्रोलीन आहे, त्यामुळे तिकडची चूक पटकन पकडता येते. पण उलट बाजूने गेलात, म्हणजे नवीन मोजणीतला सात घेऊन जुन्या मोजणीत शोधलंत, तर तिथेही ग्लुटामिक ॲसिडच बसलेलं आहे! कारण त्या सिक्वेन्समध्ये दोन ग्लुटामिक ॲसिड लागोपाठ येतात. म्हणजे 'इथे खरंच ग्लुटामिक आहे का' असा चेक लावला तरी तो पास होतो आणि तुम्ही चुकीच्या जागेवर उभे असता. मला बायोलॉजीच्या डेटा इंटिग्रेशनमधलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं, कारण इथे कोणीच चुकलेलं नाही, फक्त आकडा कशाच्या सापेक्ष आहे हे आकड्यासोबत आलेलं नाही.

अशा वेळी कामी येतं सिमँटिक वेब, म्हणजे डेटा मशीनला अर्थासकट वाचता येईल असा वेबवर मांडणं. त्याचं नाव काढलं की लोक २००१ चा सायंटिफिक अमेरिकनमधला बर्नर्स-ली, हेंडलर आणि लसिला यांचा लेख आठवतात, सगळं वेब मशीनला समजेल वगैरे, आणि मग म्हणतात की ते काही झालं नाही. एकूण वेबचं सोडा, पण लाइफ सायन्सेसमध्ये ते झालंय आणि रोज वापरलं जातंय. युनिप्रॉटचा अख्खा डेटा आरडीएफ या रूपात आहे (ते काय हे पुढे सांगतो), अब्जावधी ट्रिपल्स म्हणजे तीन-तीन तुकड्यांच्या नोंदी, आणि त्याचा स्पार्कल एंडपॉइंट, म्हणजे अशा डेटाला क्वेरी विचारायचा वेबवरचा पत्ता, सगळ्यांसाठी खुला आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत. रासायनिक अभिक्रियांचा ऱ्हिआ आहे, विकीपाथवेज आहे, विकिडेटा आहे, आणि कॅनडातल्या लाव्हाल युनिव्हर्सिटीतून सुरू झालेल्या बायो२आरडीएफने तर फार आधीच डझनावारी डेटाबेस या रूपात आणून दाखवले होते.

आरडीएफमध्ये प्रत्येक माहिती तीन तुकड्यांत लिहायची, कोण, काय नातं, कोणाशी, आणि त्यातल्या गोष्टींना नि नात्यांना वेबवरचा कायमचा पत्ता द्यायचा, एवढंच. असे तुकडे जोडून जे जाळं होतं तो ग्राफ, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक नोड. ऐकायला फार साधं वाटतं, पण वरचा सहा-सातचा प्रश्न इथे कसा सुटतो बघा. युनिप्रॉटमध्ये त्या व्हेरिएंटची, म्हणजे त्या बदलाची, जागा नुसती '७' अशी लिहिलेली नसते, ती फाल्डो नावाच्या ऑन्टॉलॉजीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या शब्दांच्या नि नात्यांच्या यादीने, लिहिलेली असते, जपानमधल्या बायोहॅकॅथॉनमधून आकाराला आलेली ही ऑन्टॉलॉजी आहे. त्यात पोझिशन हा स्वतंत्र नोड असतो, त्याला दोन गोष्टी चिकटलेल्या असतात, एक आकडा आणि दुसरा रेफरन्स, म्हणजे कुठल्या सिक्वेन्सवर मोजलं त्याचा पत्ता. इथे तो पत्ता पी६८८७१ च्या पहिल्या आयसोफॉर्मचा, म्हणजे त्या प्रोटीनच्या पहिल्या रूपाचा, आहे. आता जुन्या पेपरमधला सहा आणायचा असेल तर त्याचा रेफरन्स वेगळा, मेथिओनीन कापलेली साखळी, आणि दोन रेफरन्समध्ये एकाचा फरक आहे हे एकदा लिहून ठेवलं की झालं. टेबलातही दुसरा कॉलम करून हे जमलं असतं, मान्य आहे, पण टेबलात तो कॉलम करायचा की नाही हे प्रत्येकाच्या मर्जीवर राहतं, इथे आकडा आणि रेफरन्स जोडीने यायची रीत सगळ्यांना एकच घालून दिलेली आहे.

यापेक्षा जास्त त्रास होतो तो 'हे आणि ते एकच' असं म्हणण्यात. एचबीबी हा बीटा ग्लोबिनचा जीन एनसीबीआय या अमेरिकन डेटाबेसमध्ये ३०४३ आहे, जीनची अधिकृत नावं ठरवणाऱ्या एचजीएनसीमध्ये ४८२७ आहे, हे दोन पत्ते एकाच जीनचे, ठीक. जीन आणि आनुवंशिक आजारांच्या ओमिम या यादीत १४१९०० हा जीन आणि ६०३९०३ हा सिकलसेल आजार, दोन वेगळ्या नोंदी. आणि पी६८८७१ हे प्रोटीन. घाईत लोक या सगळ्यांना सेम-ॲज, म्हणजे 'एकच आहे' हे नातं, लावून मोकळे होतात, कारण क्वेरी लिहायला सोपं जातं. पण ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेतलं सेम-ॲज हे फार कडक नातं आहे, ते दोन्ही दिशांनी लागू होतं आणि पुढे पुढे सरकत जातं. एकाने जीन आणि सिकलसेल एकच म्हटलं, दुसऱ्या डेटासेटमध्ये कोणीतरी तोच जीन आणि बीटा थॅलेसेमिया एकच म्हटलं, कारण थॅलेसेमियाही त्याच जीनमधल्या बदलांमुळे होतो, की मशीनने काढलेला निष्कर्ष सिकलसेल म्हणजेच थॅलेसेमिया. तर्काच्या दृष्टीने मशीन शंभर टक्के बरोबर! म्हणून आजार जीनशी 'याच्यामुळे होतो' या नात्याने जोडायचा, जीन प्रोटीनशी 'एन्कोड करतो' या नात्याने, आणि दोन आजारांच्या याद्या जुळवताना स्कॉस या याद्या जुळवायच्या मानकातलं एक्झॅक्ट मॅच किंवा क्लोज मॅच वापरायचं. वेळ जातो, कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते इंटिग्रेशन म्हणजे मुळात हेच काम आहे, क्वेरी त्यानंतर अर्ध्या तासात होते.

आता औषधांकडे येऊ, तिथे अजून मजेशीर आहे. सरळ वाटणारा प्रश्न घ्या, सिकलसेलवर कोणती औषधं आहेत. डोक्यात लगेच रस्ता तयार होतो, आजारावरून जीन, जीनवरून प्रोटीन, प्रोटीनला टार्गेट करणारं औषध. ही क्वेरी चालवली तर हायड्रॉक्सियुरिया सापडत नाही. जे औषध नागपूरपासून नंदुरबारपर्यंत पेशंट रोज घेतात तेच गायब, कारण हायड्रॉक्सियुरियाचं नोंदलेलं टार्गेट हिमोग्लोबिन नाहीच, ते रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज नावाच्या एन्झाइमला अडवतं, आणि त्याचा फायदा म्हणून शरीरात फीटल हिमोग्लोबिन, म्हणजे गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन, वाढतं. व्हॉक्सेलोटॉर हे दुसरं औषध तर हिमोग्लोबिनलाच चिकटतं, ते तरी सापडायला हवं ना, पण ते चिकटतं अल्फा साखळीला आणि बिघाड आहे बीटा साखळीत. तुमच्या ग्राफमध्ये 'दोन अल्फा आणि दोन बीटा मिळून एक हिमोग्लोबिन' हे नातंच लिहिलेलं नसेल तर बीटावरून अल्फावर जायला रस्ता नाही. हे नातं घातलं की व्हॉक्सेलोटॉर येतं, आणि आजार ते औषध असं 'यावर वापरतात' हे थेट नातं वेगळं ठेवलं की हायड्रॉक्सियुरिया येतं. म्हणजे टार्गेट आणि वापर ही दोन नाती वेगळी आहेत हे ग्राफला सांगावं लागतं, ते आपोआप होत नाही.

आणि व्हॉक्सेलोटॉर सापडलं म्हणून लगेच यादीत टाकायचं का, तर नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते सगळ्या बाजारांतून काढून घेतलं. २०२२ चा डेटा डंप वापरणाऱ्याला ते अजून मंजूर औषध म्हणून दिसणार. म्हणून मी प्रत्येक सोर्सचे ट्रिपल्स वेगळ्या नेम्ड ग्राफमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, ठेवतो, कुठून घेतलं, कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेला उतरवलं हे त्या ग्राफला चिकटवलेलं असतं. यासाठी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं प्रॉव्ह हे मानक आहे, २०१३ पासून, नवीन काही बनवायची गरज नाही.

फेडरेटेड क्वेरी, म्हणजे एकाच वेळी अनेक डेटाबेसना विचारलेली क्वेरी, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्पार्कल १.१ मध्ये सर्व्हिस म्हणून सोय आहे, एकाच क्वेरीत अर्धा भाग युनिप्रॉटला आणि अर्धा दुसऱ्या एंडपॉइंटला विचारता येतो. डेमोला सुंदर दिसतं, पण रोजच्या कामात टाइमआउट होतं, विशेषतः आधी मोठा भाग विचारला तर. आधी लहान यादी काढा, माणसाचा टॅक्सॉन, म्हणजे प्रजातीचा क्रमांक, ९६०६ पहिल्याच ओळीत लावा, मग पंधरा-वीस आयडी घेऊन दुसरीकडे जा. लायसन्सही आधीच बघा, युनिप्रॉट सीसी बाय आहे (श्रेय दिलं की वापरता येतं), विकिडेटा सीसी झिरो आहे (तीही अट नाही), पण ओमिम आणि ड्रगबँक या औषधांच्या डेटाबेसच्या अटी वेगळ्या आहेत, त्यांचा डेटा ग्राफमध्ये घालून परत वाटता येईलच असं नाही.

हे सगळं मी सिकलसेलवर का लिहितोय, तर हा आजार आपल्याकडचा आहे, विदर्भ, मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली. २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट, म्हणजे प्रचंड डेटा तयार होतोय आणि तो कधीतरी कोणीतरी जोडायला घेणारच. अशा एक्सेल शीट मी बघितल्यात. एकाच कॉलममध्ये कुठे एएस, कुठे ट्रेट, कुठे कॅरिअर, कुठे वाहक, हे चार शब्द जुळवणं सोपं आहे, एका दुपारचं काम. अवघड आहे ते 'पॉझिटिव्ह'. गावात आधी सॉल्युबिलिटी टेस्ट ही झटपट प्राथमिक चाचणी होते, ती वाहक आणि पेशंट यांच्यात फरकच करू शकत नाही, तो फरक कळतो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या टेस्टवर. मग शीटमध्ये नुसतं पॉझिटिव्ह असेल तर ते एएस (वाहक) की एसएस (पेशंट) हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही, कितीही चांगली ऑन्टॉलॉजी आणा. कुठल्या टेस्टवर पॉझिटिव्ह हा कॉलम असेल तर मात्र सगळं वाचतं, आरडीएफ नंतर कोणीही बनवेल.

फीटल हिमोग्लोबिनचंही तसंच. भारतातल्या सिकलसेलमध्ये बहुतेक ठिकाणी अरब-इंडियन हॅप्लोटाइप, म्हणजे एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय बदलांचा ठरावीक संच, सापडतो आणि त्यात फीटल हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून हा आकडा आपल्यासाठी फार मोलाचा आहे, जगभरच्या डेटाशी तुलना करायची तर हाच लागणार. पण बाळ जन्मतं तेव्हा सगळ्यांचंच फीटल हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि पुढच्या काही महिन्यांत उतरत जातं. त्यामुळे '१८ टक्के' हा आकडा सहा महिन्यांच्या बाळाचा की दहा वर्षांच्या मुलीचा यावर त्याचा अर्थ पूर्ण बदलतो, आणि ती मुलगी तेव्हा हायड्रॉक्सियुरियावर होती का यावर अजून बदलतो. तुम्ही यातल्या कुठल्या शीटवर काम करत असाल तर तपासणीच्या दिवशीचं वय, टेस्टचं नाव आणि औषध चालू होतं का, हे तीन कॉलम कृपया आत्ताच घाला. पुढे ते फाल्डोसारख्या पद्धतीने कसे लिहायचे याचा नमुना मी तयार करतोय, पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.