११ जुलै जवळ येतेय

११ जुलैला लेक वर्षाची होईल. हॉल घ्यायचा की चाळीच्या गच्चीवरच ताडपत्री टाकून करायचं, यावर घरात रोज बोलणी चालू आहेत. मी सगळ्याला हो म्हणते, पण मन मागच्या जुलैतच अडकलंय. रात्री पाऊस जोरात लागला की अजूनही झोपेत हात पोटाकडे जातो.

मला तारीख दिली होती २८ ऑगस्टची. ९ जुलैच्या पहाटे अंथरूण ओलं लागलं म्हणून जाग आली. कळा नाहीत, दुखणं नाही. पाणी गेलंय हे समजायलाच पाच मिनिटं गेली. तेहतीस आठवडेही पुरे झाले नव्हते. रात्रभर पाऊस कोसळत होता, हिंदमाताला पाणी भरलेलं. टॅक्सीवाल्याने कुठून कुठून आतल्या गल्ल्यांतून गाडी काढली, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

टॅक्सीत बसल्यावर गावाहून चुलत सासूबाईंचा फोन आला. रडत म्हणाल्या, "सातव्याचं मूल जगतं गं, आठव्याचं नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्या घाबरल्या होत्या. पण ते वाक्य मी छातीत घेऊन लेबर रूममध्ये गेले. ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमना पहिलं तेच विचारलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "उलट आहे. पोटात मिळालेला एकेक दिवस बाळाच्या फायद्याचा असतो. आपण दोन दिवस मिळवायचा प्रयत्न करू." मग बाळाच्या फुफ्फुसांना बळ यावं म्हणून मला स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. बाळाचं औषध आईच्या दंडात देतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आठमाशी मुलाबद्दल कुणी असं काही बोललं, तर मी आज न थांबता त्यांना मॅडमचं उत्तर सांगते.

दोन दिवस मिळाले. १० तारखेच्या रात्री कळा सुरू झाल्या आणि सकाळी ती आली. वजन १,७२० ग्रॅम. रडली, पण भिंतीपलीकडून कुणी रडावं तसं. मला दाखवलं न दाखवलं आणि आत घेऊन गेले. मला दिसलं ते एक पाऊल, जेमतेम माझ्या अंगठ्याएवढं.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ती सोळा दिवस होती. पहिला दिवस श्वासाच्या मशीनवर, मग काविळीच्या निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून. वजन आधी उतरलं, १,५९० वर आलं. सुरुवातीला उतरतंच, असं सिस्टर सांगत होत्या, तरी तो आकडा वाचून मी पायरीवर बसून रडले. तिच्या पायाला एक पट्टी होती. त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. बाराव्या दिवशी बारसं नाही, पाळणा नाही, त्यामुळे इतके दिवस तिचं नाव तेच होतं. सहाव्या रात्री सासूबाईंनी घरी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाईसाठी. मला फोनवर म्हणाल्या, "तिला म्हटलं, बाई, पोर दवाखान्यात आहे, तिकडे जाऊन लिही."

सगळ्यात जास्त मला दूध आठवतं. तीन दिवस मला दूध आलंच नाही. सासूबाई रोज अळिवाची खीर पाठवत, मी दर तीन तासांनी पंप लावून बसे आणि बाटलीच्या तळाशी थेंब जमत. लेकीला दोन-दोन तासांनी नळीतून पाच मिली दूध जात होतं, आणि ते मिल्क बँकेतलं होतं. कुणा अनोळखी बाईने काढून दिलेलं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवलेलं. अशी आशियातली पहिली बँक आपल्याच मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं. चौथ्या दिवशी मला पान्हा फुटला. पुढे माझं दूध तिला पुरून उरायला लागलं, तेव्हा रक्ततपासणी करून, फॉर्मवर सही करून मीही ते दिलं. कुठल्या बाळाला गेलं, मला माहीत नाही.

आठव्या दिवशी कांगारू केअर सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून कापडाने बांधायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऊन ऊन अंग माझ्या अंगाला लागलं. माझी छाती भीतीने धडधडत होती. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "पोरी, तू शांत हो, म्हणजे ती होईल." पंधरा मिनिटांनी मॉनिटरवर तिचे ठोके संथ झाले. मग मी रोज चार-चार तास तशी बसले. नळी निघाली, बोंडल्याने दूध सुरू झालं, आणि १,८४० ग्रॅमवर आम्ही तिला घरी आणलं. महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायची, कानांची करायची, असं बजावून सोडलं होतं. दोन्ही चांगल्या निघाल्या. ज्यांचं बाळ लवकर जन्मलंय त्यांनी डोळ्यांची ती तारीख अजिबात चुकवू नये.

आता नातेवाईक विचारतात, वर्षाची होत आली, अजून चालत नाही? लसी जन्मतारखेप्रमाणेच देतात, पण वाढ बघताना डॉक्टर २८ ऑगस्टपासून मोजतात. त्या हिशेबाने ती वाढदिवसाला साडेदहा महिन्यांची असेल. धरून उभी राहते, कपाट उघडून सगळे डबे खाली ओढते. तेवढं मला पुरे आहे.

काल त्याच कपाटातला माझा डबा तिने ओढला. त्यात ती पायाची पट्टी आहे. सहज म्हणून तिच्या पायाला लावून बघितली. टोकं एकमेकांना लागली नाहीत. तिने पाय झटकला आणि पट्टी तोंडात घालायला निघाली.