खूण ‘वेळ मिळत नाही’वर, अडचण भलतीकडेच

नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांना अडचणी विचारल्या, की पहिला नंबर वेळेचा. प्रश्नावली छापायच्या आधीच हे सांगता येतं. अहवालात सगळ्यात उंच स्तंभ ‘वेळेचा अभाव’ या नावाचा, त्याखाली शिफारस वेळ-नियोजनाच्या कार्यशाळेची, आणि ती कार्यशाळा ठेवणार संध्याकाळी, दोन तासांची. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांचे आणखी दोन तास घ्यायचे. असो.

आमच्या अशाच पाहणीत परवा कोडिंगची, म्हणजे मुलाखतींतल्या उताऱ्यांना कारणांची लेबलं (कोड) लावायची, बैठक होती; तिथे मात्र एका विद्यार्थिनीच्या मुलाखतीवर आमचं घोडं अडलं, ते अजून सुटलेलं नाही. मोठ्या खंडानंतर पदवीला प्रवेश घेतलेली बाई, पहिल्याच सत्रात गळाली. प्रश्नावलीत तिने खूण केली होती ती ‘अभ्यासाला वेळ मिळत नाही’ या एकाच पर्यायावर. मुलाखतीतलं तिचं तेच प्रकरण सहकाऱ्याने ‘परिस्थिती : वेळ’ या कोडखाली टाकलं आणि मी ‘संस्था’ या कोडखाली.

ही विभागणी आमची नव्हे. के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांच्या अडथळ्यांचे तीन गट मांडले : परिस्थितीतले (घर, नोकरी, पैसा, वेळ), संस्थेतले (वेळापत्रक, नियम, प्रक्रिया) आणि स्वतःबद्दलच्या समजुतीतले (‘आता या वयात मला जमेल का?’). हे तिन्ही गट सगळे पाठ म्हणतात. पण क्रॉस यांनीच दिलेला इशारा फारसं कुणी वाचत नाही. पाहणीत तिसऱ्या गटाचं प्रमाण नेहमी कमी दिसतं, कारण ‘मला भीती वाटते’ म्हणण्यापेक्षा ‘वेळ नाही’ किंवा ‘पैसे नाहीत’ म्हणणं चारचौघांत शोभतं. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी आपण तीच यादी छापतो आणि यादीत ‘वेळ’ सगळ्यात वर ठेवतो. डोळ्यांनी वाचायच्या यादीत वरचे पर्याय जास्त निवडले जातात, हेही जुनंच ज्ञान. ऑनलाइन फॉर्ममध्ये पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी आपोआप बदलता येतो, त्यासाठी एक बटण दाबावं लागतं. तेवढंही होत नाही.

मुलाखतीत आम्ही ‘शिक्षण का सोडलंत?’ असं विचारत नाही. त्या प्रश्नाला माणूस कारण तयार करून देतो, आणि ते प्रश्नावलीतलंच असतं. त्याऐवजी कोरी कालरेषा समोर ठेवायची. त्यावर प्रवेशाचा दिवस, पहिला गृहपाठ आणि शेवटचं लॉगिन एवढेच ठिपके द्यायचे आणि शेवटून मागे यायला सांगायचं : ‘शेवटचं पान उघडलंत, तेव्हा त्यावर काय होतं? त्याच्या आधी?’ असं शेवटाकडून सुरुवातीकडे गेलं की कारणांची साखळी नीट लागत नाही, घटना सुट्या राहतात. आम्हाला त्या सुट्याच हव्या असतात.

सोबत अध्ययन प्रणालीतल्या, म्हणजे अभ्यासक्रम ज्या संकेतस्थळावर चालतो तिथल्या, तिच्या नोंदी होत्या, त्यांच्यासाठी तिची वेगळी संमती घेतलेली. या नोंदी वाचायलाही सवय लागते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते. ती आधी स्थानिक वेळेत आणली नाही, तर मध्यरात्री बसणारा माणूस भलत्याच प्रहरी अभ्यास करताना दिसतो. शिवाय पान उघडल्याची नोंद होते, मिटल्याची होत नाही. त्यामुळे ‘अमुक इतके तास अभ्यास’ असा आकडा कुणी छातीठोक सांगितला, तर त्याने सत्र संपल्याचा क्षण कसा ठरवला ते आधी विचारावं. आम्ही तास मोजत नाही, क्रम पाहतो.

तिचा क्रम असा होता. गृहपाठाचं पान उघडलं, सूचनांची फाइल उतरवली, मसुदा चढवला, साम्य अहवाल (मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो ते सांगणारा) उघडला. मग पुन्हा मसुदा, पुन्हा साम्य अहवाल, आणि पुन्हा तेच. व्हिडिओ नाही, वाचनसाहित्य नाही, चर्चेचं पान नाही. शेवटच्या दिवसांत ती फक्त त्या अहवालाभोवती फिरत होती.

मसुदा उघडून पाहिला. विभागाने दिलेला साचा : मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, सूचना आणि चार प्रश्न, मिळून ३२० शब्द. त्यात तिने पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं, १८० शब्दांचं, सगळं स्वतःचं. एकूण शब्द ५००. साचा सगळ्या वर्गाचा एकच, म्हणून तो आधी चढवलेल्या प्रत्येक फाइलशी जुळतो. ५०० पैकी ३२० म्हणजे ६४ टक्के. अहवालावर नारिंगी चौकोन आणि त्यात हा आकडा.

६४ टक्के काय, हे त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. तिने अर्थ लावला तो चोरीचा. ‘मॅडम, मी कुठूनही उतरवलं नव्हतं हो. पण मशीन म्हणतंय तर काहीतरी असेल.’ मग तिने स्वतःचीच वाक्यं बदलायला घेतली. शब्दांना प्रतिशब्द टाकले, वाक्यं उलटी-सुलटी केली. आकडा जागचा हलेना. हलणार कसा? जुळणारा भाग साच्यातला होता आणि तिने हात लावला होता न जुळणाऱ्या भागाला. त्यात काही प्रणालींत पहिल्या तीन फेरसादरीकरणांचा अहवाल लगेच येतो आणि त्यानंतरच्या प्रत्येकाला २४ तास थांबावं लागतं. इथली त्यातलीच. मुदत जवळ आलेली आणि प्रत्येक दुरुस्तीमागे एक अख्खा दिवस.

यातली खरी मेख गणितात आहे. तिने चारही उत्तरं तेवढ्याच लांबीची लिहिली असती, तर स्वतःचे शब्द ७२० आणि एकूण १०४० झाले असते. साचा तोच ३२० शब्दांचा, म्हणजे साम्य ३१ टक्क्यांच्या आत. पुढे लिहीत राहणं हाच आकडा उतरवायचा उपाय होता. आकडा पाहून ती थांबली ती नेमकी पहिल्या उत्तरावर, जिथे तो सगळ्यात मोठा दिसणार होता. अर्धवट मसुदा तपासून बघणारा, म्हणजे जरा जास्तच काळजी घेणारा विद्यार्थी इथे आधी सापडतो. शेवटच्या रात्री एकदाच फाइल चढवणाऱ्याला असं काही घडल्याचं कळतही नाही.

यावर उपाय जुना आणि फुकटचा आहे. गृहपाठ प्रणालीत तयार करतानाच शिक्षकाने साचा, संदर्भसूची आणि अवतरणं वगळायची, किरकोळ जुळण्यांसाठी किमान शब्दांची मर्यादा घालायची. शेजारी दोन ओळी : हा आकडा चोरीचा नाही, नुसत्या जुळणीचा आहे, आणि निर्णय माणूस घेतो. या अभ्यासक्रमात यातलं काहीच केलेलं नव्हतं. गेल्या सत्राचा गृहपाठ तारीख बदलून पुढे ढकलला, की मूळच्या त्रुटीही सोबत येतात. वर्षानुवर्षं हेच चालतं आणि मग साहेब लोक गळतीवर समिती नेमतात.

सहकाऱ्याचं म्हणणं पोकळ नाही. बीन आणि मेट्झनर या संशोधकांनी १९८५ मध्ये वयाने मोठ्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गळतीचं जे प्रारूप मांडलं, त्यात नोकरीचे तास, कुटुंबाच्या जबाबदाऱ्या, पैसा या बाहेरच्या गोष्टींना शैक्षणिक गोष्टींपेक्षा जास्त वजन आहे. गळतीबद्दलच्याच टिंटो यांच्या १९७५ च्या मांडणीत भर होता संस्थेत मिसळून जाण्यावर, आणि ती मांडणी अशा विद्यार्थ्यांना बसत नव्हती. सहकारी म्हणतो, तिच्याकडे मोकळी दुपार असती तर हे २४ तासांचं थांबणं तिला बाधलं नसतं. खरं आहे. ‘वेळ मिळत नाही’ ही तिची खूण खोटी नव्हतीच. प्रश्न एवढाच, की तिचा वेळ खाल्ला कुणी? घराने की त्या नारिंगी चौकोनाने? दोघांनी, हे उत्तर कोडच्या तक्त्यात बसत नाही, कारण एका उताऱ्याला एकच मुख्य कोड असा आमचा नियम.

नियम आहे तो सहमतीचा गुणांक काढण्यासाठी. कोहेनचा कॅपा, म्हणजे दोघांचे कोड योगायोगापलीकडे किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायचा तर दोघांनी एकमेकांचं न पाहता कोड लावायला हवेत, गुणांक त्यावरच काढायचा आणि मतभेदांवर चर्चा त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी आधी चर्चा करून एकमत करतात आणि मग ०.९ चा कॅपा छापतात. दिसायला देखणा आकडा, पण तो फक्त त्या चर्चेत कुणाचा आवाज मोठा होता ते सांगतो. आम्ही मूळचा कमी आलेला गुणांक तसाच ठेवला आणि मतभेदाचे उतारे बाजूला काढले. त्यातले निम्म्याहून जास्त ‘परिस्थिती : वेळ’ याच कोडचे निघाले.

या कामात मला अमेरिकेतले गणिताचे अध्यापक यूरी ट्राइसमन आठवतात. तिथल्या बर्कली विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे का पडतात, हे त्यांनी १९७०च्या दशकात आधी प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं ठरलेली : प्रेरणा कमी, शाळेतला पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. मग त्यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी-अमेरिकन विद्यार्थी अभ्यास करतात कसा, तेच जवळून पाहिलं. पहिल्या गटातले बहुतेक एकटे बसत, दुसऱ्यातले एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत. प्राध्यापकांच्या एकाही उत्तरात हे नव्हतं. आमची विद्यार्थिनीही एकटीच होती. आकडा पाहून तिने विचारलं कुणालाच नाही, कारण ‘माझं ६४ टक्के आलंय’ हे दुसऱ्याला सांगणं तिच्या लेखी गुन्ह्याची कबुली होती. म्हणजे क्रॉस यांचा तिसरा गटही इथे आहेच, आणि तो आमच्या दोघांच्याही कोडमध्ये नव्हता.

गळालेल्यांपर्यंत प्रश्नावली पोहोचली हेच नशीब म्हणायचं. प्रवेश रद्द झाला की संस्थेचा ईमेल बंद होतो आणि पाहणी जाते त्याच ईमेलवर. मग उत्तरं देतात ते टिकलेले, आणि सोडून गेलेल्यांच्या अडचणी आपण टिकलेल्यांच्या तोंडून लिहितो. आमच्या फेरीत प्रवेशाच्या वेळीच खासगी संपर्क आणि त्याची संमती घेतलेली होती, म्हणून ही बाई सापडली.

पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीवर आता ताणाताणी चालू आहे. सहकाऱ्याला जुनी यादी तशीच हवी, नाहीतर मागच्या फेरीशी तुलना करता येणार नाही. मला मोकळा प्रश्न हवा : ‘शेवटचं जे काम अर्धवट राहिलं, ते नेमकं कुठे थांबलं?’ सध्या दोन्ही ठेवलेत, मोकळा आधी, यादी नंतर, आणि मधे परत फिरायचं बटण बंद. क्रम उलटा केला तर मोकळ्या चौकटीत यादीतलेच शब्द उतरतात, हे चाचणी फेरीत दिसलंच. परत फिरू दिलं, तर लोक यादी वाचून मागे जातात आणि आधी लिहिलेलं खोडून ‘वेळ’ लिहितात.