चीझा खिंड उतरून पोंत्रेमोलीत

इटलीतली चीझा खिंड १०४१ मीटरवर आणि तिच्या पायथ्याचं पोंत्रेमोली गाव जेमतेम अडीचशेच्या आत. म्हणजे दिवसभर उतारच. चढावर दम लागतो हे ठाऊक असतं, पण उतारावर गुडघे किती बोलतात ते आपेनाइन पर्वतात कळतं. चेस्टनटची झाडी, मधेच चार दगडी घरांची वाडी, आणि माणूस औषधालाही नाही. पंढरीच्या वाटेवर पुढे वीणेकरी असतो, मागून कुणीतरी ‘माउली’ म्हणत पुढे काढतं. रोमकडे जाणाऱ्या या व्हिया फ्रांचीजेना नावाच्या जुन्या यात्रामार्गावर सोबत खांबावरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक इ.स. ९९० मध्ये रोमहून याच वाटेने परतला. त्याच्या ७९ मुक्कामांच्या यादीत पोंत्रेमोलीही आहे.

गावाचा जुना भाग दोन नद्यांच्या बेचक्यात, माग्रा आणि वेर्दे. जागा चिंचोळी, म्हणून गाव रस्त्यालाच धरून लांबत गेलंय. पार्मा वेशीतून शिरलं की दोन्ही बाजूंनी घरं अंगावर येतात, आणि वर प्यान्यारोचा किल्ला. खिंडीतून येणारा प्रत्येकजण त्याच्या नजरेखालून जायचा. मला तर वाटतं, आधी वाट होती आणि तिच्यावर नजर ठेवायला गाव वसलं.

चौकात मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. मध्ययुगात गावात दोन गट, एक पोपच्या बाजूचा, दुसरा सम्राटाच्या. ते एकमेकांच्या जिवावर उठलेले. १३२२ मध्ये लुक्का शहराचा सत्ताधीश कास्त्रुच्चो कास्त्राकानी याने गावाच्या मधोमध तटबंदीच घातली, भांडणं थांबावीत म्हणून. तिच्यातला एक बुरूज आता घड्याळाचा मनोरा आहे. एका अंगाला कॅथेड्रलचा चौक, दुसऱ्या अंगाला नगरपालिकेचा. दोन्हीकडे म्हातारे निवांत कॉफी पीत बसलेले. भाऊबंदकीवर असा इलाज आपल्याकडे कुणाला सुचला नाही, हे बरंच झालं!

किल्ल्यातल्या संग्रहालयात या खोऱ्यात सापडलेल्या वालुकाश्माच्या उभ्या शिळा आहेत. सर्वांत जुन्या चार हजार वर्षांहून आधीच्या. पुरुषाच्या हाती खंजीर, बाईला स्तन. काहींचं डोकं चंद्रकोरीसारखं. वीरगळ निदान लढाई सांगतो. या शिळा काहीच सांगत नाहीत, तरी त्यांच्यासमोरून पाय निघत नाही.

रात्री तेस्तारोली. कणीक-पाण्याचं सरबरीत पीठ तापल्या बिडाच्या भांड्यात भाजतात, शंकरपाळ्यांच्या आकारात कापतात, गरम पाण्यातून काढतात आणि वर तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी, म्हणजे पेस्टो, घालतात. दिवसभर चाललेल्या पोटाला एक ताट पुरत नाही.

याच डोंगरांतले फिरते पुस्तकविक्रेते टोपल्यांत पुस्तकं घेऊन गावोगाव पायी हिंडत. त्यांच्या परंपरेतून आलेला बांकारेल्ला पुरस्कार १९५३ पासून पोंत्रेमोलीत दिला जातो, आणि विजेता पुस्तकविक्रेते निवडतात. समीक्षकांना बाजूला ठेवणारा हा पुरस्कार मला भारी आवडला.

पुढचा औल्लापर्यंतचा टप्पा तीस किलोमीटरच्या वर आहे, त्यासाठी उजाडताच निघावं लागतं. तेव्हा खिंडीतून लवकर उतरून दुपारीच गावात पोचा; किल्ला बघायला तोच वेळ मिळतो.