तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात भारी कॉमेंट्री कोणती?

सामना संपतो, माइक बंद होतो, मंडपात चहा येतो आणि कुणीतरी विचारतंच, "भाऊ, टीव्हीवरची आजवरची सगळ्यात भारी कॉमेंट्री कुठली?" मी आमच्या तालुक्यात टेनिस क्रिकेटच्या सामन्यांना माइकवर बोलतो, म्हणून मला विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं: 2 एप्रिल 2011, वानखेडे, विश्वचषकाची अंतिम लढत, श्रीलंकेच्या कुलसेकराचा चेंडू आणि रवी शास्त्रींचं "धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल". मी म्हणतो, ती दुसऱ्या क्रमांकाची. लगेच चेहरे पडतात.

माझं मोजमाप माझ्याच एका चुकीतून आलं आहे. मैदानाबाहेर, झाडाखाली, रस्त्यावर उभ्या असलेल्यांना चेंडू दिसत नाही, त्यांना तो माझ्या तोंडून बघायचा असतो. एका उपांत्य सामन्यात लाँगऑनला चेंडू उंच उडाला आणि मी "षटकार!" म्हणून मोकळा झालो. तो सीमारेषेवर झेलला गेला. तोवर फलंदाजी करणाऱ्या संघाची पोरं नाचत आत आली होती. ती परत फिरली तेव्हाचे त्यांचे चेहरे मी विसरलेलो नाही.

म्हणून 2007 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत मला फार मोलाची वाटते. जोहान्सबर्ग, शेवटचं षटक, पाकिस्तानची शेवटची जोडी, भारताविरुद्ध चार चेंडूंत सहा धावा हव्या. जोगिंदर शर्माचा चेंडू मिस्बाहने मागे उचलला. शास्त्री म्हणाले, "इन द एअर". एवढंच. चौकार नाही, षटकार नाही, बाद नाही. चेंडू श्रीसंतच्या हातात विसावल्यावरच पुढचे शब्द आले. तो श्वासभराचा थांबा ज्याला जमतो, त्याला मी मानतो.

2011 मध्ये टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला षटकार दिसतच होता. शास्त्रींनी त्यात 28 वर्षं घातली, 1983 नंतर विश्वचषक पुन्हा भारताकडे यायला लागलेली. 1983 च्या संघात ते स्वतः होते, अंतिम सामना मात्र खेळले नव्हते. वानखेडे तर त्यांचं घरचं मैदान, 1985 मध्ये बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार त्यांनी तिथेच मारले होते. हे सगळं त्या आवाजात आहे. पण पुढे त्यांच्या बोलण्यात ड्रेसिंग रूम आली, कर्णधाराची स्तुती आली. मला वाटतं, 28 वर्षांपाशी थांबून त्यांनी वानखेडेचा गजर तेवढा ऐकू द्यायला हवा होता.

कोलकात्याचं, 2016 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं "रिमेम्बर द नेम" पुष्कळांना आवडतं, मलाही. शेवटच्या षटकात 19 हव्या असताना वेस्ट इंडिजच्या ब्रेथवेटने इंग्लंडच्या स्टोक्सला सलग चार षटकार मारले आणि समालोचक इयन बिशपनी षटकारांचं वर्णन न करता त्याचं नाव दोनदा घेतलं. काही जण म्हणतात, ब्रेथवेट पुढे तेवढा चमकला कुठे? अहो, बिशप काय ज्योतिषी होते? नाव लक्षात ठेवा म्हणाले, आणि आपण ठेवलंच ना! फक्त ती ओळ त्या रात्रीचीच नव्हती. 2002 मध्ये फुटबॉलमध्ये सोळा वर्षांच्या वेन रूनीने आर्सेनलवर गोल केला तेव्हा समालोचक क्लाइव्ह टिल्ड्स्लीही हेच म्हणाले होते. ती कुठल्याही नव्या पोराला शोभते.

माझ्या पहिल्या क्रमांकाची ओळ दुसऱ्या कुठल्याच सामन्याला शोभणार नाही. 14 जुलै 2019, लॉर्ड्स, विश्वचषकाची अंतिम लढत. इंग्लंड 241, न्यूझीलंड 241. बरोबरी झाली म्हणून दोघांना एकेक जादा षटक, म्हणजे सुपर ओव्हर; त्यातही 15 आणि 15. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडचा गप्टिल दुसऱ्या धावेसाठी पळाला आणि इंग्लंडच्या बटलरने यष्ट्या उडवल्या. माइकवर इयन स्मिथ. "बाय द बेअरेस्ट ऑफ मार्जिन्स", म्हणजे अगदी निसटत्या फरकाने, आणि लगेच पुन्हा, "बाय द बेअरेस्ट ऑफ ऑल मार्जिन्स". त्या एका "ऑल"वर माझा जीव आहे. धावांमध्ये अंतर उरलंच नव्हतं. चौकार-षटकारांची मोजणी, इंग्लंडचे 26 विरुद्ध न्यूझीलंडचे 17, एवढ्यावर विश्वचषक गेला. मग "एक्स्टसी" इंग्लंडसाठी आणि "अ‍ॅगनी, अ‍ॅगनी" न्यूझीलंडसाठी. आनंद एकदा, वेदना दोनदा. स्मिथ न्यूझीलंडचे माजी यष्टिरक्षक. स्वतःचा देश हरताना त्यांनी विजेत्याचं नाव आधी घेतलं, पूर्ण आवाजात घेतलं.

मागच्या मोसमात आमच्या वाडीचा संघ अंतिम सामन्यात एका धावेने हरला. माइक माझ्याच हातात होता. जिंकलेल्या संघाचं नाव माझ्या तोंडून निघायला वेळ लागला, मैदानावर सगळ्यांना तो जाणवला. स्मिथना तेवढाही लागला नाही.